खिडकी क्रमांक १ वर हे बोलता येत नाही

प्रति,
माननीय जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय

विषय: मानसोपचार विभागातल्या सोशल वर्करशी संपर्काची सोय आणि तालुक्याची भेट बंद केल्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीच्या दारावर एक कागद चिकटवला गेला. त्यावर दोन सूचना आहेत. समुपदेशनासाठी रुग्ण व नातेवाइकांनी खिडकी क्र. १ वर चौकशी करावी, कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर परस्पर संपर्क साधू नये, ही पहिली. आणि सोशल वर्करची पहिल्या व तिसऱ्या गुरुवारची तालुका भेट पुढील आदेशापर्यंत बंद, ही दुसरी. खाली सही आणि गोल शिक्का. मी तो कागद दोनदा वाचला आणि एसटीने ७४ किलोमीटर परत आले.

तेव्हापासून लिहू की नको असं चाललं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि घरातल्या या आजाराबद्दल चारचौघांत लिहिणं सोपं नाही. पण परवा सकाळी आईने भाकरी थापता थापता विचारलं, "या गुरुवारी पण मॅडम यायच्या नाहीत का गं?" मी काही बोलले नाही. रात्री लिहायला बसले.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. हा शब्द मी इथे मुद्दाम पूर्ण लिहिते आहे, कारण आमच्या घरात तो सहा वर्षं कुणी उच्चारला नव्हता. "त्याला त्रास आहे," एवढंच म्हणायचो. हे पत्र त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नको, धंदा आहे." त्याचा मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटरीत तार नव्याने गुंडाळून देण्याचा धंदा आहे. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखे, पाण्याच्या मोटरी, मिक्सर असं सगळं येतं.

आजाराची पहिली दोन वर्षं देवऋषी, उतारे, नवस यांत गेली. त्याचा दोष मी आईला देत नाही. तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फरक पडला. फरक पडला की तो गोळ्या सोडायचा, आणि दोन-तीन महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. दोनदा भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी चौघांनी धरून जीपमध्ये घातलं होतं. ते शेजाऱ्यांनी पाहिलं, गिऱ्हाइकांनी पाहिलं. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. मीही म्हणायचे. शाळेतल्या पोरांना समजून घ्या म्हणून सांगणारी मी, घरी त्याच्यासमोर गोळी धरून उभी राहायचे आणि तोंड उघडून दाखव म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच विभागातल्या सोशल वर्कर मॅडम ग्रामीण रुग्णालयातलं काम आटोपून एका गुरुवारी दुपारी आमच्या घरी आल्या. भाऊ शेडमध्ये पंख्याची कॉइल गुंडाळत बसला होता. त्याचं हाताने फिरवायचं मशीन जुनं, त्याचा काउंटर कधीचाच बिघडलेला, म्हणून तो वेढे तोंडाने मोजतो. मॅडम समोरच्या लाकडी खोक्यावर बसल्या. आजाराचं काही विचारलं नाही. "एकाला किती वेढे लागतात?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, तीनशेच्या आसपास. मग त्या गप्प बसून बघत राहिल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हाही बघतच होत्या. तो शंभरच्या पुढे जायचा, थांबायचा, तार उलगडायचा, पुन्हा एकपासून सुरू. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "का हो उलगडलंत?"

त्यावर तो जे बोलला ते आम्हाला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "गोळी घेतली की हात थरथरतो. लक्ष हाताकडं जातं आन् मोजणी चुकते. मोजणी चुकली की मोटर जळते. मग गिऱ्हाईक म्हणतं, येड्याकडं दिली होती."

साहेब, गोळ्या सोडण्याचं कारण इतकं साधं होतं. पुढच्या भेटीत मॅडमनी त्याच्या केसपेपरला आपल्या अक्षरातलं एक पान जोडलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि औषध बदलून दिलं. थरथर गेली. त्यानंतर त्याने गोळी चुकवलेली नाही आणि भरतीही झालेली नाही. डॉक्टर चांगलेच आहेत, मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण दाराबाहेर साठ-सत्तर माणसं उभी असताना एका पेशंटचे वेढे मोजत बसायला त्यांना वेळ कुठून मिळावा? ते काम ज्यांचं आहे, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट या कागदाने बंद केली.

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण हे पत्र बाकीचे लोकही वाचतील. सोशल वर्कर म्हटलं की आपल्याकडे फ्लेक्सवरचा 'समाजसेवक' डोळ्यांपुढे येतो. आमच्याही आला होता. आई तर पहिल्या दिवशी विचारत होती, कुठल्या पक्षाच्या आहेत बाई? खरं तर हे रीतसर शिक्षण घेऊन करायचं काम आहे, आणि ते शिकवणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं ते लिहून ठेवलं आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कमधली पूर्णवेळ दोन वर्षांची एम.फिल., ज्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम केलेलं असलं पाहिजे. हे लोक औषध लिहून देत नाहीत. माणूस कुठल्या घरात राहतो, कशावर जगतो, कुणाला घाबरतो, गोळी का टाकून देतो, हे ते बघतात. घरच्यांना कसं बोलायचं ते शिकवतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून कामावर परत जाण्यापर्यंत सोबत करतात. आमच्या भावाचं प्रमाणपत्र त्यांच्यामुळेच झालं. मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडतो हेसुद्धा आम्हाला मॅडमनीच सांगितलं.

आता माझ्या तक्रारी. त्या मी आपल्याकडेच मांडते आहे, कारण सेवेतल्या त्रुटीची तक्रार संस्थेच्या प्रमुखांकडे करण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ ने दिला आहे.

पहिली तक्रार खिडकीची. कागद वाचून त्या दिवशी मी खरोखरच खिडकी क्र. १ वर गेले. तिथे केसपेपर निघतात, कुत्रं चावलेल्यांची नोंद होते, दाखल्यांची चौकशीही तिथेच. काचेला अर्धगोल भोक आहे, त्यातून वाकून ओरडून बोलावं लागतं. मी म्हणाले, समुपदेशनासाठी सोशल वर्करना भेटायचंय. आतून प्रश्न आला, "कसलं समुपदेशन? एचआयव्हीचं का?" मागे रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उभे होते. मी म्हणाले, नाही, मानसिकचं. "तुम्हीच पेशंट का?" मी म्हणाले, भाऊ. "मग त्याला आणा, केसपेपर काढा." खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजार आणि उपचार यांबाबत गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. त्या खिडकीवर ती पाळताच येत नाही. आणि ज्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही, त्याला आधी आणा मग बोलू, असं म्हणणं म्हणजे घरच्यांना परत पाठवणंच आहे.

दुसरी, फोनची. गेल्या वर्षी पितृपक्षात भावाची झोप गेली. रात्रभर शेडमध्ये रेडिओ मोठ्याने लावून बसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने आईच्या हातचं जेवायचं सोडलं. ही खूण आम्हाला मॅडमनी आधीच सांगून ठेवली होती. मी मधल्या सुट्टीत फोन केला. दहा मिनिटं बोलणं झालं. त्याच्याशी वाद घालू नका, ताट त्याचं त्याला वाढून घेऊ द्या, उद्या सकाळी घेऊन या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, औषध वाढवलं, आठवड्याभरात तो पुन्हा कामाला बसला. एका फोनमुळे भरती टळली, आणि पुन्हा ती जीप बोलवावी लागली नाही.

आता याच्यामागची आपली अडचणही मला समजते. तो त्यांचा स्वतःचा मोबाईल होता. रात्री-अपरात्री फोन यायचे, दारू पिऊन कुणी काहीबाही बोलायचं, हे कानावर आलं आहे. मॅडमनाही घर आहे. त्यांचा खाजगी नंबर लोकांच्या हातात असू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याला इलाज रुग्णालयाचा फोन आणि ठरलेली वेळ हा होता. आपण नंबर काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही.

तिसरी, गुरुवारची. तालुक्याहून जिल्ह्याला यायचं म्हणजे एका माणसाचा आणि त्याच्या सोबत्याचा असा दोघांचा रोज बुडतो. शिवाय भाडं. आणि आजार बळावलेला असताना एसटीत तीन तास बसवून आणणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. कलम १८ मध्ये सरकारने कमीत कमी कुठल्या सेवा द्यायच्या त्या मोजून दिल्या आहेत. त्यांत कुटुंबाला आधार देणारी सेवा आणि घरच्या घरी पुनर्वसन हेही आहे. एवढंच काय, या सेवा जिल्ह्यात मिळत नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असंही त्यात लिहिलं आहे. मॅडम आमच्या घरी आल्या तो त्यांचा मोठेपणा, असं आई म्हणते. मीही तसंच समजत होते. कायदा वाचल्यावर कळलं की ती आमच्या हक्काची सेवा होती.

चौथी तक्रार सर्वांत मोठी, आणि तिच्यात एकट्या आमच्या घराचा प्रश्न नाही. कागद लागल्यानंतर मी दुसरं कुणी मिळतंय का ते शोधायला लागले. रात्री १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन केला. मराठीत बोलले, शांतपणे ऐकून घेतलं, मला धीर आला. पुढच्या मदतीसाठी त्यांनी पत्ता दिला तो आपल्याच रुग्णालयाचा. मग मोबाईलवर शोधलं. समुपदेशक, काउन्सेलर, थेरपिस्ट, लाइफ कोच, अशी पन्नास नावं आली. एकीने फोनवर सांगितलं, दीड हजार रुपये एका तासाचे, आधी पाठवा. मी शिक्षण विचारलं. "सर्टिफाइड आहे" म्हणाली. कुठली नोंदणी, नंबर काय, असं विचारल्यावर फोन ठेवला. दुसऱ्या एकाने गोळ्यांशिवाय बरं करतो म्हणून सांगितलं. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे पैसे घेऊन गेले असते.

डॉक्टर खरा की खोटा हे बघायला मेडिकल कौन्सिल आहे. वकिलाला बार कौन्सिल आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेत असते. सायकियाट्रिक सोशल वर्कर खरा की खोटा, हे माझ्यासारखीने कुठे बघायचं? उत्तर कायद्यात आहे. कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी करायची आणि ती यादी प्रसिद्ध करायची. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्या यादीतली आपल्या जिल्ह्यातली नावं कुठली, हे मी आपल्या रुग्णालयात तीन टेबलांवर विचारलं. अशी यादी असते, हेच तिघांना नवीन होतं. पुढे २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत क्लिनिकल सोशल वर्कर, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मेडिकल सोशल वर्कर अशी नावं घेऊन लिहिली आहेत, राज्यांनी परिषद नेमून नोंदवही ठेवावी असंही म्हटलं आहे. म्हणजे कायदे दोन आहेत, पण ज्याच्या घरात आजार आहे त्याच्या हातात एक नाव आणि एक नंबर येत नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. बाळंतपणानंतर तिला फार उदास वाटायला लागलं, तेव्हा तिने तिथे लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर शोधली. तिकडे प्रत्येक राज्याचं मंडळ हे लायसन्स देतं. मास्टर्सची पदवी, देखरेखीखाली काही वर्षांचं काम आणि परीक्षा, एवढं झाल्यावरच ते मिळतं. भाचीने सरकारी वेबसाइटवर त्या बाईंचं नाव टाकलं, लायसन्स चालू आहे का ते पाहिलं, आणि मग फोन केला. "मावशी, दोन मिनिटं लागली," म्हणाली. अमेरिकेसारखं सगळं इथे व्हावं असं माझं म्हणणं नाही, तिथे पैसे किती लागतात तेही तिने सांगितलं आहे. मला फक्त ती दोन मिनिटं हवी आहेत.

यात पदांच्या नावांचा घोळ वेगळाच. कुठे दारावर 'समाजसेवा अधीक्षक' लिहिलेलं असतं, कुठे 'समुपदेशक', कुठे नुसताच खोली क्रमांक. आणि नेमणुकीच्या ऑर्डर अकरा-अकरा महिन्यांच्या. आपल्याकडे मागच्या सोशल वर्कर गेल्या तेव्हा नवीन मॅडम येईपर्यंत सात महिने गेले होते. भावाची दुसरी भरती त्याच सात महिन्यांतली.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन ओळी. कुणाकडे जाण्याआधी शिक्षण विचारा, नोंदणी कुठे आहे ते विचारा, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता तेही विचारा. खरं माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आणि पहिल्या फोनवर सगळी कहाणी सांगायची गरज नसते. कोण आजारी आहे, किती दिवस, सध्या काय चाललंय, जिवाला धोका आहे का, एवढं पुरतं. मला हेही माहीत नव्हतं. पहिल्या फोनवर मी नुसती रडले होते.

साहेब, माझ्या मागण्या या आहेत:

१. सोशल वर्करसाठी रुग्णालयाच्या नावावर एक मोबाईल द्यावा. सोमवार ते शनिवार ठरावीक दोन तास तो उचलला जावा. बाकी वेळेसाठी त्यावर १४४१६ हा नंबर ऐकू यावा.

२. पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारची तालुका भेट पुन्हा सुरू करावी. गाडीची अडचण असेल तर तसं लेखी सांगावं, आम्ही पालकमंत्र्यांकडे जाऊ. गरज असलेल्या घरी भेट देणं हे त्या दिवसाच्या कामात धरावं.

३. मानसोपचार विभागाच्या नातेवाइकांना खिडकी क्र. १ वर पाठवू नये. ओपीडीशेजारच्या लहान खोलीत सध्या जुन्या खाटा आहेत. ती मोकळी करून दार लावता येईल अशी जागा करावी. रुग्ण सोबत नसला तरी नातेवाइकांचं ऐकून घ्यावं.

४. राज्य प्राधिकरणाकडून नोंदणी झालेल्या व्यावसायिकांची यादी मागवून आपल्या जिल्ह्यातली नावं, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि भेटायची वेळ मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी. आशाताईंकडेही एकेक प्रत द्यावी, आमच्याकडे बायका आधी त्यांनाच विचारतात.

५. सध्याच्या मॅडमची मुदत संपण्याआधी पुढची व्यवस्था व्हावी. बदली झालीच तर आधीच्या आणि नव्या व्यक्तीने निदान एकदा सोबत घरी यावं. माझ्या भावाला नव्या माणसासमोर तोंड उघडायला पाच महिने लागले होते.

यातलं काय आपल्या हातात आहे आणि काय वरून व्हायचं आहे, तेही लेखी कळवावं. वरचं असेल त्यासाठी मी वर लिहीन.

भावाची पुढची तारीख येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. साडेसहाच्या गाडीने निघून साडेनऊला आम्ही ओपीडीपाशी असतो. या पत्राची सहीची प्रत त्याच दिवशी आवक विभागात देऊन पोच घेईन. भाऊ बरोबर असेल. आपण पाच मिनिटं दिलीत तर वेढ्यांचं तो स्वतः सांगणार आहे, असं त्याने मला काल रात्री सांगितलं.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची बहीण